देवमनचं साल

देवमन इंजिनाशी बोलतो, असं वलगावात लोक सांगायचे. साफ खोटं. इंजिनाशी काय, तो माणसांशीसुद्धा धड बोलायचा नाही. तो फक्त ऐकायचा. मी त्या गावच्या शाळेत मास्तर होतो आणि महादेवरावांच्या गोठ्यासमोरच्या खोलीत राहत होतो, त्यामुळे हे ऐकणं मला रोज सकाळी बघावं लागे. गोठ्याच्या एका टोकाला बैल बांधलेले, दुसऱ्या टोकाला जीप, आणि जीपच्या उघड्या बॉनेटमध्ये मान घालून, डोळे मिटून उभा असलेला हा उंच, काटकुळा गडी. शेजारी कुणी मेलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता.

माणूस भातकुलीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला धाकटा. लढाईच्या काळात फौजेच्या मोटार दुरुस्तीत होता. लढाई संपली, घरी आला, तर भावांनी शेत वाटून घेतलेलं आणि याच्या वाट्याला वहिन्यांची तोंडं. अशा वेळी वलगावच्या महादेवरावांनी त्याला उचललं. महादेवराव म्हणजे काळ्या जमिनीचे मोठे मालक, वर मेळघाटात सागवानाचा ठेका. त्यांनी जबलपूरच्या लिलावातून फौजेची एक मोडकी जीप आणली होती आणि ती चालवायला माणूस हवा होता. हे साल एक्कावन्नचं.

आता महादेवरावांना मेकॅनिक कसा ठेवतात हे ठाऊक नव्हतं. त्यांना सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, कसा ठेवतात एवढंच ठाऊक होतं. म्हणून त्यांनी देवमनला सालानं ठेवला. ज्वारी, तूरडाळ, धोतरजोडी, गोठ्यालगतची खोली, सगळं बैल हाकणाऱ्या गड्यासारखं. त्या घरची रीत अशी की अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी सालदार मोकळा. जायचं तर त्या दिवशी उठून जावं, कुणी अडवणार नाही. पण त्या दिवशी मालकाच्या घरचा घास तोंडात गेला की पुढचं साल लागलं. मग पुढच्या अखाजीपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. लिहिणं नाही, सही नाही, एक पुरणाचा घास. आणि गंमत म्हणजे हा घास मोडलेला कुणी गावात दिसत नसे.

त्या जीपमध्ये एक भानगड होती. कुण्या हौशी फौजी अंमलदारानं डोंगर चढायला म्हणून तिच्या इंजिनाला ब्लोअर बसवला होता. साधं इंजिन स्वतःला हवी तेवढी हवा ओढून घेतं. ब्लोअर त्याच्या घशात हवा कोंबतो. हवा जास्त गेली की पेट्रोलही त्या मापात जास्त जायला पाहिजे, नाहीतर आत आग नको तितकी भडकते आणि पिस्टन जळतो. बरं, कायमच जास्त सोडावं, तर गाडी सपाटीवर काळा धूर ओकते आणि गुदमरून बंद पडते. म्हणजे चढावर एक माप, सपाटीवर दुसरं, आणि पेट्रोलच्या तोंडाशी सुई मात्र एकच.

देवमननं यावर जी युक्ती काढली ती बघायला पार परतवाड्याहून ट्रकवाले यायचे. भजनी मंडळाच्या फुटक्या पेटीचा भाता त्यानं मागून आणला. त्यातलं मऊ चामडं कापून एका पत्र्याच्या डबीच्या तोंडावर ताणून बसवलं, आणि ब्लोअरची हवा एका नळीनं त्या डबीत आणली. चढावर हवेचा दाब वाढला की चामडं फुगायचं, फुगलं की सुई उचलायचं, सुई उचलली की पेट्रोल वाढायचं. सपाटीवर चामडं बसलं की सुईही बसली. गाडी आपलं माप आपणच घेऊ लागली. मग तो प्लग काढून उन्हात धरायचा. पेढ्याच्या रंगाचा दिसला की माप जमलं म्हणून मान हलवायचा, पांढरा दिसला की पुन्हा बॉनेटमध्ये मान.

ती जीप लाकडांनी भरलेली ट्रॉली घेऊन मेळघाटातले असे नाले चढायची की जिथं बैलांनी गुडघे टेकले असते. महादेवराव पुढच्या सीटवर फेटा बांधून बसायचे आणि वर पोचले की जणू आपणच ओढत आणली अशा थाटात घाम पुसायचे. जिल्ह्यात त्यांचं नाव जमिनीमुळे नव्हतं इतकं त्या जीपमुळे झालं.

पण चामडं ते चामडं. पावसाळ्यात ते सैल पडायचं, थंडीत आखडायचं, आणि वैशाखात पापडासारखं कडक व्हायचं. दर आठवड्याला त्याला एरंडेल चोळावं लागे, ताण बघावा लागे, सुईचा स्क्रू केसभर इकडे की तिकडे ते कानानं ठरवावं लागे. हा कान देवमनचा. त्यानं जीपला जी अक्कल दिली म्हणून लोक वाखाणत, ती अक्कल रोज सकाळी त्यालाच तिच्यात घालावी लागे. स्वतःच्या हातानं स्वतःला खुंट्याला बांधून घेतलेला असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

देवमनची बायको जमुना. ही बोलायची. आणि तिचं मागणं एकच होतं, स्वतःची चूल. सालदाराची बायको म्हणून ती मालकिणीच्या, सुभद्राबाईंच्या, स्वयंपाकघरात राबायची. दोघांचं जेवणही तिथलंच, मग घरी चूल कशाला पेटणार? सुभद्राबाई वाईट नव्हत्या. मी तर म्हणेन, वाईट असत्या तर बरं झालं असतं. लुगडं घेतलं तर जमुनाला आपल्यासारखंच घ्यायच्या, आजारी पडली तर उशाशी बसायच्या. "तू काय परकी हायस का? घरचीच त हायस," असं म्हणायच्या. जमुना एकदा माझ्या दाराशी उभी राहून म्हणाली, "मास्तर, घरचं मानूस म्हटलं का मंग त्याले जाताबी येत नाही. परक्याले तरी दार असते."

दर वर्षी ती अखाजीची वाट बघायची. आणि दर वर्षी, वैशाखच तो, चामडं नेमकं तेव्हाच दगा द्यायचं. गाडी रानात ठोके खात उभी, देवमन तिच्या पोटाखाली, आणि दुपारी हात धुऊन आला की समोर पुरणपोळीचं ताट. एका वर्षी तो खरंच ठरवून गेला होता. महादेवरावांनी काही बोलायच्या आत आमरसाची वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "पहिली वाटी तुही. यंदा नाल्यातून काढलं तू मले." दिलीच वाटी हातात, तर हा ती खाली ठेवेल? प्यायला. जमुना त्या दिवशी जेवली नाही.

मी त्याला एकदा फैलावर घेतला. म्हटलं, "अरे, ती डबीच काढून टाक. ब्लोअर काढ. साधी गाडी कर, कुणीही चालवेल, तू मोकळा." ऐकलं त्यानं. खरोखर काढली. गाडी साध्या गाडीसारखी चालली आणि पहिल्याच चढावर ट्रॉलीसकट मागे सरकली. महादेवराव रागावले नाहीत. ओसरीवर मुकाट बसून राहिले, कुणाशी बोलेनात, जेवेनात, खेळणं मोडलेल्या पोरासारखे. दुसऱ्या आठवड्यात बघतो तर डबी पुन्हा जागेवर. मी विचारलं, "मालकानं सांगितलं?"

"नाही," देवमन म्हणाला. "मलेच आयकवे ना. इंजिनाचा जीव घुसमटून राहिला होता."

"आणि जमुनाचा?"

त्यावर तो चामड्याला तेल चोळत राहिला. मला इतका संताप आला की मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. अर्थात त्याच्या ते लक्षातही आलं नसेल.

तरी शेवटी एकसष्ट साली मीच खटपट केली. माझी बहीण प्रमोदिनी अकोल्याला, जठारपेठेत. तिचे यजमान हेमचंद्र यांचा ऑइल इंजिनं आणि पंप दुरुस्तीचा कारखाना होता. त्यांना हुशार माणूस हवा होता, कारखान्यामागं एक खोली रिकामी होती, आणि खोलीत चूल होती. चुलीचं ऐकून जमुनानं माझ्या पायांना हात लावला. मी ओशाळलो.

या वेळी देवमननं नीट तयारी केली. महादेवरावांना महिनाभर आधी स्वतः सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले. जीप चालवायला बैलगाडीवरच्या नत्थुजीला शिकवलं. डबीला नवं चामडं घातलं, सुई बसवून स्क्रू पक्का केला, आणि नत्थुजीला शंभरदा बजावलं की आठवड्याला एरंडेलाचं बोट फिरव, बाकी कशाला हात लावू नको. नत्थुजी गुणी माणूस. त्यानं मान डोलावली.

अखाजीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या एस.टी.त बसलो. शाळेला सुट्टी होती, मी बहिणीकडे निघालो होतो. जमुनानं खिडकी धरली, शेजारी देवमन, मागच्या बाकावर मी. तिच्या मांडीवर नवीन तवा होता, फडक्यात गुंडाळलेला. ती सारखी तो चाचपून बघत होती. तिकिटं झाली. ड्रायव्हर चहा संपवत होता. वलगावहून दोघंही उपाशी निघाले होते. मला वाटलं, जमलं एकदाचं. इतकं हलकं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात देवमनची मान वर झाली.

मला काही ऐकू आलं नव्हतं. स्टँडवर माणसांचा कालवा होता. मग मलाही ऐकू आला, लांबून, डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. पेट्रोल कमी पडून इंजिन जळायला लागलं की असा आवाज येतो, एवढं मलाही एव्हाना कळत होतं. जीप फाटकातून आत आली. पुढं महादेवराव आणि सुभद्राबाई, चालवायला नत्थुजी. निरोप द्यायला आले होते.

"हे पिस्टन जाळून राहिले," देवमन पुटपुटला आणि उठला.

जमुनानं त्याचा सदरा धरला. "जळू द्या."

"आलोच मी. दोन मिनिटं."

"आज नका जाऊ. पाया पडतो तुमच्या."

त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली, अगदी हळुवार, आणि उतरला.

झालं होतं असं. नत्थुजीनं जन्मभर मोटा आणि बैलांची जोती सांभाळलेली. वाळलेलं चामडं दिसलं की त्याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आदल्या दिवशी डबीवरचं चामडं कडक लागलं, तेव्हा त्यानं ते मोटेच्या चामड्यासारखं पाण्यात भिजत घातलं, ठोकून मऊ केलं आणि ओलंच परत बसवलं. सकाळच्या उन्हात, तापल्या इंजिनावर, ते आकसून लाकूड झालं. फुगणार कुठून आणि सुई उचलणार कुठून? माणसानं मनापासून चाकरी केली होती.

देवमननं बॉनेट उघडलं. मी खिडकीतून बघत होतो. डबी उघडली, चामडं काढलं, खिशातून जुन्या भात्याचा तुकडा निघाला. निघताना तो खिशात ठेवायचा काय अर्थ होता, देव जाणे. तुकडा कापला, ताणला, बांधला. हात कोपरापर्यंत काळे झाले. इंजिन सुरू केलं, डोळे मिटले, स्क्रू केसभर फिरवला. खिळ्यांचा आवाज गेला आणि त्या जागी एक भरीव, शांत घरघर आली. देवमनच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की मला त्याला तिथंच थोबाडीत द्यावीशी वाटली.

एस.टी.च्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. देवमन वळला. सुभद्राबाई समोर उभ्या होत्या, हातात डबा उघडलेला.

"उपाशी कसा जाऊन राहिला रे? आमी सणाच्या दिवशी घरातून कोनाले उपाशी धाडलं हाय का आजलोक?" त्या म्हणाल्या. त्यानं काळे हात पुढं करून दाखवले, म्हणजे नको, हात खराब आहेत. तर त्यांनी पुरणपोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला आणि आपल्या हातानं त्याच्या तोंडाशी नेला. आई लेकराला भरवते तसा.

त्यानं तोंड उघडलं.

महादेवरावांनी मान फिरवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी शपथेवर सांगेन. डबा घरून आठवणीनं बरोबर आणलेला होता, हेही शपथेवर सांगेन. ती माया होती की डाव, याचा निकाल मला आजवर लागलेला नाही, आणि दोन्ही असलं तरी माझा राग तेवढाच राहील.

जमुना खिडकीतून बघत होती. "लागलं साल," एवढंच म्हणाली. देवमन धावत गाडीजवळ आला. त्याच्या ओठावर तूप होतं. "जमुने, उतर. पुढच्या अखाजीले जाऊ."

"तुमी घास खाल्ला. मी नाही खाल्ला," ती म्हणाली, आणि तवा मांडीवर घट्ट धरून समोर बघत बसली. गाडी सुटली. बडनेऱ्याला एक म्हातारी चढली आणि उभी राहिली, तेव्हा जमुना तिला म्हणाली, "बस माय. इथं कोनी येनार नाही."

नंतर मी देवमनला विचारलं होतं, का रे बाबा तोंड उघडलंस? तो म्हणाला, "बाईनं घास पुढं केला, मास्तर. त काय मी तोंड बंद करू?" त्याला खरोखरच दुसरं काही सुचलं नसेल.

जमुना अकोल्याला राहिली. कारखान्यामागची खोली मेकॅनिकसाठी होती, ती दुसऱ्या मेकॅनिकला गेली. प्रमोदिनीनं तिला गल्लीत दुसरी बघून दिली. शेवया, कुरडया, पापड करून ती आपलं पोट भरू लागली, आणि तिच्या हाताला चव असल्यानं जठारपेठेत तिचं बरं चाललं. देवमन पोळ्याला यायचा, दिवाळीला यायचा, नवऱ्यासारखा नाही, पाहुण्यासारखा. अखाजीला कधी आला नाही. चामडं वैशाखात कडक व्हायचं सोडत नव्हतं.

सदुसष्ट साली जीपचा ब्लोअर आतून तुटला. त्याचे भाग आता जगात कुठं मिळत नव्हते. महादेवराव थकले होते, ठेका सुटला होता. त्यांनी जीप भंगारात घातली. देवमनला जा म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि राहा म्हणूनही नाही. तो गोठ्याच्या त्या रिकाम्या टोकाला तसाच बसून राहायचा. बैलांना चारा घालायचा. लोक हाक मारायचे तर ऐकू जायचं नाही, ज्याचा कान एवढा तिखट, त्याला!

त्या वर्षीच्या अखाजीला मी अकोल्यातच होतो. प्रमोदिनीनं जमुनाला पुरणाला मदत करायला बोलवायला मला धाडलं. बघतो तर जमुनाच्या दाराशी देवमन उभा. हातात गाठोडं, पायांवर धूळ. आतून पुरणाचा वास येत होता.

"आज तिकडं नाही जेवलो," तो म्हणत होता. "बाई ताट घेऊन आल्या, मी मागच्या दारानं निंघालो. साल सोडलं. वाढ मले."

जमुना उंबऱ्यात उभी होती. तिनं त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "पानी घ्या," म्हणाली. गडवा भरून दिला. तो प्यायला.

"वाढ ना. भूक लागली."

"आज नाही वाढत."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "जमुनाबाई, अहो, इतक्या वर्षांनी साल सोडून आला आहे. सण आहे."

"मास्तर, तुमी बोलू नका," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली, आणि तिचा आवाज फाटला. "आज माह्या हातचं खाल्लं त साल लागन. मले सालदार नाही पायजे घरात. एका खुंट्याहून सुटले न दुसऱ्याले बांधून घ्यायले आले. उद्या जेवा. उद्या कोनाचंच साल नसते. राहाचं असन त उद्यापावतर राहा, जाचं असन त आताच जा."

देवमन ओट्यावर बसला. हेमचंद्ररावांच्या कारखान्यात कुणी तरी एक इंजिन चालू केलं, आणि ते ठोके घेऊ लागलं. चांगलंच बिघडलेलं होतं. देवमनची मान उचलली गेली. तो अर्धा उठला. जमुना उंबऱ्यातून बघत होती, मीही बघत होतो.

इंजिन तिकडं खडखडत राहिलं. देवमननं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि परत बसला. संध्याकाळपर्यंत तो तसाच बसला होता, उपाशी, कान त्या आवाजाकडे, आणि जागचा हलला नव्हता.

जमुनाही त्या दिवशी जेवली नाही. सकाळी तिनं चूल पेटवली आणि दोन ताटं घेतली.